सेंद्रिय दुकान काढताय? माल मोजकाच ठेवा

आपल्या भागात सेंद्रिय आणि अख्ख्या धान्याचं दुकान निघतंय असं कानावर आलं की मला मनापासून आनंद होतो. पण उद्घाटनालाच फळ्या मालाने ठासून भरलेल्या दिसल्या की तेवढीच काळजी वाटते.

अख्खं धान्य म्हणजे कोंडा आणि अंकुर न काढलेलं. अंकुरात तेल असतं. दाणा शाबूत असेपर्यंत ते सुरक्षित राहतं. दळलं की हवा लागते आणि पीठ हळूहळू खवट होऊ लागतं. मैदा जास्त टिकतो तो अंकुर काढून टाकलेला असतो म्हणून. ज्या गुणासाठी गिऱ्हाईक तुमच्याकडे येणार, त्याच गुणापायी माल लवकर बिघडणार! त्यात सेंद्रिय मालाला नेहमीची रासायनिक धुरी चालत नाही, म्हणजे सोंडे आणि टोके आलेच. धान्य हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवलं तर कीड अंड्यांसकट मरते. पण पोत्यांमागून पोती कोण गोठवत बसणार? म्हणून माल फिरता ठेवायचा. मोजके जिन्नस, खपेल तेवढंच दळण, पिशवीवर दळल्याची तारीख.

इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली आपलं सहकारी दुकान उघडलं तेव्हा त्यात लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढंच होतं. भेसळ नसलेला माल आणि चोख वजन, यावर त्यांनी लोक जोडले.

आता प्रमाणपत्राचं. सीलबंद पाकिटावर शिक्का असतो, पण पोतं फोडून सुटा माल विकायला काढला की शिक्का पोत्यावरच राहतो. पुढचा सगळा भरवसा दुकानदारावर. म्हणून पोत्यावरची चिठ्ठी, बॅच नंबरासकट, डब्यावर लावलीच पाहिजे. नुसतं ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या पाट्या मला अजिबात पटत नाहीत, कारण त्यातून काहीच कळत नाही.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रासायनिक शेती सोडल्यावर जमिनीला सेंद्रिय मान्यता मिळायला साधारण दोन-तीन वर्षं जातात. त्या काळात शेतकऱ्याचं उत्पन्न बहुधा घटतं आणि सेंद्रियचा भावही मिळत नाही. बरेच जण तिथेच माघार घेतात. नव्या दुकानाने असा माल ‘रूपांतर काळातला’ अशी स्पष्ट पाटी लावून, जरा बरा भाव देऊन घ्यावा. मी तरी तो आवर्जून विकत घेईन.