उत्सव हवा तर जेन्नेसारखा

दर वर्षी १८ एप्रिलला, म्हणजे जागतिक वारसा दिनाला, माझी टाइमलाइन एकदम ऐतिहासिक होते. पिरॅमिड, माचू पिचू, अंगकोर वाट आणि खाली 'हा ठेवा जपू या'. असे फोटो मीही टाकलेत, तेव्हा नाक मुरडायचा हक्क मला फारसा नाही.

पण जपायचं म्हणजे करायचं काय? 'लोकांनी तिथे जायला हवं' हे नेहमीचं उत्तर ऐकलं की मला फ्रान्समधली लास्कोची गुहा आठवते. हजारो वर्षं अंधारात सुखरूप राहिलेली भित्तिचित्रं १९४० साली सापडली, १९४८ मध्ये गुहा सगळ्यांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. लोक आत येऊन नुसते श्वास घेत होते, बस्स. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, दमटपणा, अंगाची ऊब, त्यात दिव्यांचा उजेड. भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं. १९८३ पासून लोक जवळच बांधलेली हुबेहूब प्रतिकृती बघतात. मला ही शुद्ध फसवणूक वाटायची. आता नाही वाटत.

याच्या अगदी उलट पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमधलं जेन्ने. तिथली सध्याची मोठी मशीद १९०७ साली बांधलेली, सगळी मातीची. पावसात धुपणार, उन्हात तडकणार. म्हणून दर वर्षी अख्खं गाव तिला लिंपतं. चिखलात भाताचा कोंडा घालून तो खड्ड्यात मुरवत ठेवतात. पोरं तो तुडवतात, बायका पाणी आणतात, तरुण भरल्या टोपल्या घेऊन पळत सुटतात आणि जुने गवंडी सगळ्यांवर नजर ठेवून असतात. भिंतींतून बाहेर आलेली ताडाच्या लाकडांची टोकं फोटोत नक्षीसारखी दिसतात. लिंपणाऱ्यांसाठी तीच कायमची परांची! सण आणि डागडुजी एकाच दिवशी, एकाच चिखलात.

या सवयीची किंमत त्याच देशातल्या टिंबक्टूत कळली. २०१२ मध्ये हत्यारबंद टोळ्यांनी तिथल्या जुन्या कबरींच्या वास्तू कुदळींनी पाडल्या. २०१६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात त्यातल्या एकाला नऊ वर्षांची शिक्षा झाली, तिची जगभर बातमी झाली. पण त्याआधीच, २०१५ पर्यंत, युनेस्कोच्या मदतीने तिथल्याच गवंड्यांनी चौदा वास्तू पुन्हा उभ्या केल्या होत्या. मला खरी बातमी ही वाटते. त्यांच्या हातात ते काम राहिलंच नसतं, तर निकालपत्र घेऊन काय करणार होतो?

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं की आपण निर्धास्त होतो. १९७२ च्या करारातून आलेल्या या यादीने पुष्कळ वाचवलं, कबूल. पण नवा पूल बांधला म्हणून जर्मनीतल्या ड्रेस्डेनची एल्ब नदीची दरी २००९ मध्ये यादीतून गेली. पूल हवा, असा कौल तिथल्याच लोकांनी दिला होता. त्यांना मूर्ख म्हणायला मी तयार नाही. रोज नदी ओलांडायची त्यांना असते, आपल्याला फक्त फोटो काढायचा असतो. यादीबाहेर नाव गेलं, पूल मात्र झाला.

म्हणून पैसा असेल तर तो आधी शिकाऊ गवंड्यांवर घाला, असं माझं मत. रोषणाई नंतर. फलक तर अगदीच नंतर.

जेन्ने २०१६ पासून धोक्यातल्या वारशाच्या यादीत आहे. आसपास संघर्ष पेटलेला, पर्यटक जवळजवळ नाहीत. तरी २०२४ मध्ये हजारो माणसं टोपल्या घेऊन आली आणि मशीद लिंपून झाली.