दुधाचे दात पडणारच, म्हणून कुजू द्यायचे?

‘दुधाचे दात भरणं ही डॉक्टरांची लूट’ असा लांबलचक मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतोय. तो वाचून माझ्या भाचीने पाच वर्षांच्या लेकाची डेंटिस्टची अपॉइंटमेंट रद्द केली. पोरगं रात्री गाल धरून रडतंय आणि घरात फॉरवर्डचं पारायण चाललंय! म्हणून लिहितेय.

पहिला दावा: पडणारच आहेत, भरायचे कशाला? पुढचे दात मूल सहा-सात वर्षांचं असताना पडतात, बरोबर. दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत लागतात. तोवर पोराने भाकरी कशाने चावायची? दाढ आधीच गेली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्क्या दाताची वाट अडते. हां, पडायला आलेला, हलणारा, न दुखणारा दात भरायची गरज नसते. आणि गरज नसताना ड्रिल हातात घेणारे डॉक्टरही असतात, हेही मान्य.

दुसरा: दातात भरलेलं सिमेंट खाली उतरून पक्का दात किडतो. साफ उलटं! पक्क्या दाताचा कोंब दुधाच्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यात वाढत असतो. दाढ न भरता कुजू दिली की पू त्या कोंबापाशीच साचतो. मग वर येणारा नवा दात कधीकधी डागाळलेला, खडबडीतच येतो.

तिसऱ्या दाव्याला तर हात जोडले. भुईरिंगणीच्या बियांची धुरी द्या, किडे पडताना डोळ्यांनी दिसतील! अहो, दातात किडा नसतोच. जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात, त्याने दात पोखरतो. इंग्लंडात हाच खेळ खुरासानी ओव्याच्या बियांवर चालायचा. बी तापून फुटली की आतला वळलेला पांढरा अंकुर बाहेर पडतो, तोच किडा म्हणून दाखवायचे. मुलाचा गाल सुजून ताप आला असेल तर धुरीत घालवायला वेळ नसतो. ती सूज डोळ्याकडे, गळ्याकडे पसरू शकते.

चौथा: ड्रिल आणि सुईने मूल कायमचं घाबरतं. स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल किडलेल्या दाढेवर सुई-ड्रिलशिवाय स्टीलची तयार टोपी सिमेंटने बसवत. आत कोंडलेल्या जिवाणूंना साखर मिळत नाही, कीड थंडावते. तिथल्याच १३२ मुलांवर चाचणी झाली. प्रत्येकाच्या एका दाढेला टोपी, दुसरीवर नेहमीचे उपचार. पाच वर्षांचे निकाल २०११मध्ये आले: पू होणं, नस खराब होणं असे मोठे बिघाड नेहमीच्या उपचारात १६.५ टक्के, टोपीखाली ३ टक्के. मात्र रात्री ठणकणाऱ्या दाढेला नुसती टोपी चालत नाही, आधी नसेवर उपचार करावे लागतात. अपॉइंटमेंट रद्द करून हेच पदरात पडतं.

आणि ‘ती टोपी जन्मभर तोंडात राहते’ म्हणे! दाढ पडते तेव्हा टोपीही तिच्याबरोबरच पडते.