सोन्याच्या नॅनोकणांनी कॅन्सर ‘कुठेही’ दिसतो का?

सोन्याच्या नॅनोकणांचे (अतिसूक्ष्म कणांचे) एक इंजेक्शन दिले की शरीरातला कॅन्सर कुठेही असो, प्रकाशात चमकून दिसतो, बायोप्सीची गरज उरत नाही आणि सोने असल्याने अपायही होत नाही, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्यामागचे संशोधन खरे आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

मुख्य अडचण आहे ती प्रकाश शरीरात किती खोलवर पोहोचतो याची. हे कण बनवताना गोल्ड क्लोराइडच्या उकळत्या द्रावणात सायट्रेट घातले की काही मिनिटांत गडद लाल रंग येतो. त्यातले सुमारे २० नॅनोमीटरचे गोल कण ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, आणि त्याच पट्ट्यात रक्तातले हिमोग्लोबिनही प्रकाश अडवते. म्हणून कणांना सळईचा किंवा कवचाचा आकार देऊन त्यांचे शोषण ६५० ते ९०० नॅनोमीटरकडे सरकवले जाते, जिथे रक्त आणि पाणी या दोहोंचा अडथळा कमी असतो. तरीही ऊतींमध्ये प्रकाश विखुरतोच. अंधारात मोबाईलचा टॉर्च बोटाला लावून पाहा: बोट लाल उजळते, पण हाडाची कडा दिसत नाही. ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी ही प्रकाशाने ऊतींच्या आतली प्रतिमा घेणारी पद्धत त्वचेत जेमतेम १ ते २ मिलिमीटर पोहोचते. फोटोअकूस्टिक पद्धतीत आत प्रकाश जातो पण परत ध्वनी येतो, म्हणून तिची मजल काही सेंटिमीटरपर्यंत जाते. स्वादुपिंडातली लहानशी गाठ बाहेरून प्रकाश टाकून हेरण्याइतके हे पुरेसे नाही.

शिवाय हे कण बहुधा स्वतः चमकत नाहीत. ते प्रकाश शोषतात किंवा विखुरतात, आणि तो फरक यंत्र टिपते. गाठीपर्यंत पोहोचतात तेही थोडेच. आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरील प्रयोगांचा २०१६ साली आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचलेल्या भागाचा मध्यक अवघा ०.७ टक्के निघाला.

उरलेल्यांपैकी बरेच कण यकृत आणि प्लीहेत जातात. सुमारे ६ नॅनोमीटरपेक्षा मोठे कण मूत्रपिंडातून सहसा गाळले जात नाहीत, आणि सोने विघटन पावत नसल्याने ते दीर्घकाळ तिथेच राहू शकतात. सळया घडवताना वापरले जाणारे सीटॅब हे रसायन तर पेशींना सरळसरळ विषारी आहे, त्यामुळे कणांवरचे आवरण बदलावे लागते. पोटात घेतलेल्या सुवर्णभस्माचा दाखला शिरेतून दिलेल्या कणांना लावण्यात अर्थ नाही.

बायोप्सीबद्दल एवढेच: शरीरातले भाग प्रकाशात चमकवून दाखवणारी औषधे आजही वापरात आहेत. अमेरिकेत १९५९ साली मान्यता मिळालेले इंडोसायनिन ग्रीन आणि अंडाशयाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेसाठी २०२१ मध्ये मान्य झालेले पॅफोलासियानिन हे दोन्ही नॅनोकण नसून रंगद्रव्याचे लहान रेणू आहेत. पॅफोलासियानिनमुळे सर्जनला कुठे कापायचे याचा अंदाज येतो. काढलेला तुकडा त्यानंतरही पॅथॉलॉजिस्टकडेच जातो.