कासवाला भुकेवर ठेवणं क्रूरपणा आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

पाळलेलं मोठं पाणकासव पानं खात नसेल तर त्याचे पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) कमी करा आणि त्याला जरा भूक लागू द्या, असं मी सुचवलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण तो तिखटपणा कासवाच्या काळजीतून आलाय. म्हणून दोन ओळींत न उरकता नीट उत्तर देतो.

तुमचं म्हणणं असं: पाण्यातलं कासव मुळात मांसाहारी, त्याच्यावर भाजीपाला लादायचा कशाला? आणि पेलेट कमी करायला सांगणं म्हणजे त्याची उपासमार; 'स्वतःच्या मुलाला असं उपाशी ठेवाल का?' जाता जाता हेही लिहिलंत, की तुमचं मोठं रेड-इअर्ड स्लायडर (डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पाणकासव) सुकी कोळंबी आणि पेलेट सोडून कशाला तोंड लावत नाही, तरी ठणठणीत आहे, फक्त हल्ली पापण्या जरा सुजलेल्या दिसतात.

त्या पापण्यांचं आधी बघा, वाद नंतरही घालता येईल. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की कासवाच्या पापण्या सुजतात, कधी कानाच्या जागी गाठही येते. घाण पाण्यानेही डोळे सुजतात. यातलं नेमकं काय झालंय हे सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्यच सांगू शकेल. दुकानातून जीवनसत्त्वाचे थेंब आणून स्वतःच उपचार करू नका, कारण 'अ' जीवनसत्त्व जास्त झालं तर कातडी सोलवटते. आणि तोवर माझा भुकेचा उपाय तुमच्या कासवाला लागू नाही. ते खाणं डोळ्यांनी शोधतं. डोळेच उघडत नसतील तर 'नखरे करतंय' म्हणण्यात अर्थ नाही.

आता मांसाहाराबद्दल. पिल्लांपुरतं तुमचं बरोबर आहे. ती किडे, अळ्या, बारीक मासे यांवरच वाढतात. पण स्लायडर मोठं होतं तसं पाणवनस्पतींकडे वळतं, आणि मोठेपणी त्यांचाच वाटा मोठा असतो. टाकीत मात्र पिल्लाचाच आहार जन्मभर चालू राहतो. मग चरबी साठते, यकृत आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मस्क किंवा सॉफ्टशेल या मोठेपणीही मुख्यतः मांसाहारी राहणाऱ्या जातींचं कासव असतं तर मी पानांचा आग्रह धरला नसता.

मुलाची तुलना मला पटत नाही. मुलाच्या शरीराला स्वतःची ऊब टिकवायला सतत अन्न जाळावं लागतं. कासव ऊब बाहेरून घेतं, त्यामुळे त्याची गरज तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या कितीतरी पट कमी असते. निरोगी मोठं कासव आठवडाभर पानांना नाक मुरडत बसलं तरी त्याच्या जिवाला धोका नसतो. पिल्लू, आजारी किंवा रोडावलेलं कासव असेल तर हा प्रयोग करूच नये. शिवाय मी पेलेट बंद करा असं म्हटलंच नव्हतं. मोठ्या कासवाला एक दिवसाआड, त्याच्या डोक्याएवढे पेलेट पुरतात. मधल्या दिवशी फक्त पानं. याला उपासमार म्हणत असाल तर म्हणा बुवा!

त्याआधी पाण्यात थर्मामीटर घाला. 24 ते 27 अंश सेल्सिअस हवं, आणि ऊन खायची जागा 30 च्या वर. गार पाण्यात कासवाची भूकच मरते, मग पान काय नि कोळंबी काय.

पान पाण्यातच द्या. कोरड्यावर ठेवलेलं या कासवांना नीट गिळता येत नाही. रोमेन लेट्यूस (सॅलडची पालेभाजी) किंवा डँडेलियन (पिवळ्या फुलांचं रानरोप) यांचं पान क्लिपने काचेला असं लावा, की फिल्टरच्या प्रवाहात ते हलत राहील. हलणाऱ्या गोष्टीवर झडप घालायची त्यांना खोडच असते. पेलेट भिजवलेल्या पाण्यात पान बुडवून दिलं तर वासाला फसतात. गाजराचा बारीक कीसही चालतो, कारण लाल-केशरी रंग त्यांचं लक्ष वेधतो. टाकीत डकवीड (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) सोडून ठेवलंत तर कोणी बघत नसताना चरणारी कासवंही असतात. उरलेलं संध्याकाळी काढून टाका, नाहीतर पाणी नासेल.

पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियम अडवून धरतं. आइसबर्ग लेट्यूसमध्ये पाण्यापलीकडे फारसं काही नाही. कोळंबीचा डबा फेकू नका, पण ती जेवण म्हणून न देता कधीमधी एखादी द्या, आणि तीही पान खाऊन झाल्यावर.