'कारखानदारांचा कर माफ' : त्या मेसेजमधला एकेक दावा

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज माझ्या फोनवर सात वेळा आला. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर आणि शेवटी थेट मामांकडून. मजकूर असा: 'तुमच्या दुधाच्या पिशवीवर जीएसटी लावून सरकार कारखानदारांचा कर माफ करते. कंपनी आली की कोट्यवधी रुपये हातात. आयकरही माफ. सगळा पैसा बड्यांना, नाशिकच्या पोरांना नोकरी नाही.' खाली सिन्नरच्या पडीक जमिनीचा फोटो.

मामांची सगळी नोकरी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात गेली. त्यांनी विचारलं, "खरं आहे का रे हे? तू तर याच कामात आहेस." मी नाशिकच्याच अंबड वसाहतीतल्या लहान कारखान्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं बघतो. मामांना जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण हा मेसेज ज्या रागावर उभा आहे तो राग मला मान्य आहे, पण तो भलत्याच दिशेला चालला आहे.

दुधाचं आधी मिटवू. पिशवीतल्या ताज्या दुधावर जीएसटी नाही, 1 जुलै 2017 ला हा कर सुरू झाला त्या दिवसापासून नाही. पाकीटबंद दह्यावर 18 जुलै 2022 पासून 5 टक्के लागला, हे खरं. तो निर्णय जीएसटी परिषदेचा होता, त्याचा कारखान्यांच्या सवलतीशी संबंध नाही.

आता 'कर माफ'. हा शब्दच चुकीचा आहे आणि सगळा गोंधळ त्यातून होतो. कर माफ होत नाही, तो आधी भरावा लागतो आणि त्यातला काही भाग राज्य नंतर परत देतं, हाच तो परतावा. कारखान्यांना अशा सवलती देणारी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून चालत आली आहे. मुंबई-ठाणे-पुण्यात गर्दी करणारे कारखाने बाकीच्या महाराष्ट्रात जावेत, हा तिचा मूळ हेतू. तालुक्यांचे गट पाडलेले आहेत: जितका तालुका मागास, तितकी सवलत जास्त आणि जास्त वर्षं. म्हणून पेठ-सुरगाण्याला जे मिळू शकतं ते नाशिक तालुक्याला मिळत नाही.

पैसा कसा येतो ते एका उदाहरणावरून बघा. माझ्याकडे अंबडमधल्या एका प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या कारखान्याचे हिशेब आहेत; ते स्विचगियरसाठी, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या उपकरणांसाठी, पत्र्याचे भाग बनवतं. त्यांनी नाशिकमधल्याच ग्राहकाला 1 लाखाचं बिल केलं. त्यावर 18 हजार जीएसटी. त्यातले 9 हजार केंद्राचे, 9 हजार राज्याचे. मालकाने तो कर मुदतीत भरायचाच, एक दिवस उशीर झाला तरी व्याज लागतं. परतावा मिळायचा तर तो फक्त राज्याच्या हिश्शाशी जोडलेला, तोही माल राज्यातच विकला आणि राज्यातच पोचला तर. हाच माल बेळगावला गेला तर एकात्मिक जीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी लागतो, राज्याच्या हिश्शाचा कर माल वापरणाऱ्या राज्याकडे जातो, आणि त्या बिलावर इथे परताव्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय एकूण परताव्याला मर्यादा आहे ती जागा, इमारत, यंत्रं यांत घातलेल्या पैशाची. म्हणजे आधी कर्ज काढून मशीन बसवायचं, उत्पादन सुरू करायचं, पात्रता प्रमाणपत्र मिळवायचं, कर भरायचा, मग दरवर्षी दावा लावायचा. 'कंपनी आली की पैसे हातात' असं यात कुठेच होत नाही. जमीनखरेदीवरची मुद्रांक शुल्काची सूट आणि वीज शुल्काची सूट, एवढ्याच गोष्टी आधी किंवा लगेच मिळतात.

आयकराचा मुद्दा एका वाक्यात संपतो: आयकर केंद्राचा आहे, राज्य तो माफ करू शकत नाही. 20 सप्टेंबर 2019 ला केंद्राने कंपनी कर 22 टक्क्यांवर आणि नव्या उत्पादन कंपन्यांसाठी 15 टक्क्यांवर आणला, त्या बातमीची सरमिसळ इथे झालेली दिसते. त्या निर्णयावर जरूर वाद घाला. फक्त तो मंत्रालयाच्या दारात घालू नका.

सिन्नरच्या फोटोबद्दल मात्र मला मेसेज पाठवणाऱ्यांच्या बाजूने बोलायचं आहे. गुळवंच, मुसळगाव शिवारात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेतल्या गेल्या आणि त्यातली मोठी जमीन वर्षानुवर्षं पडून राहिली. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या घरात रोजगार आला नाही, ही जखम खरी आहे. पण ते केंद्राच्या 2005 च्या कायद्याखालचं प्रकरण, त्याच्या करसवलती वेगळ्या आणि त्यातला दोषही वेगळा. राज्याच्या योजनेत उत्पादन सुरू झाल्याशिवाय परतावा नाही. पडीक जमिनीवर जीएसटी जमा होत नाही, मग परत काय देणार?

'सगळं बड्यांना' हे अर्धं खरं आहे. लघुउद्योगांना व्याजात आणि विजेच्या दरात सवलत आहे, ती त्यांच्यासाठीच आहे. पण विशाल प्रकल्पांना, म्हणजे फार मोठ्या गुंतवणुकीच्या कारखान्यांना, मंत्रिमंडळाच्या उपसमितीकडून खास पॅकेज ठरवून मिळतं आणि त्यातल्या अटी सामान्य माणसाला वाचायला मिळत नाहीत. इथे प्रश्न विचारायलाच हवा.

शेतकऱ्याला यातून काय, असंही एकाने ग्रुपवर विचारलं. नाशिककरांनी हा प्रश्न विचारावा याचं नवल वाटतं, कारण उत्तर दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत उभं आहे. 2001 चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं, पुढे वाइनवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी (राज्याचा जीएसटीआधीपासूनचा विक्रीवरचा कर) 16 टक्के वायनरीला परत देण्याची योजना आली. दारू जीएसटीबाहेर असल्याने इथे अजून व्हॅटच चालतो. या आधारावर वायनरींनी करार करून द्राक्षं घेतली आणि बाजारभावाच्या हेलकाव्यात ठरलेल्या भावाचा एक कोपरा काही शेतकऱ्यांना मिळाला. 2008 नंतरच्या मंदीत अनेक लहान वायनरी अडचणीत आल्या, तेव्हा परतावा त्यांना तारू शकला नाही. सवलत धंद्याला हातभार लावते, गिऱ्हाईक आणून देत नाही.

राहिली नोकरी. योजनेत 80 टक्के स्थानिक कामगारांची अट आहे. 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी, नाशिकचाच असं नाही, हे लोकांना माहीत नसतं. आणि अट पाळली गेली तरी ती नोकरी कायम आहे की ठेकेदाराकडची, हे त्या आकड्यावरून कळत नाही. माझ्या मते योजनेची सर्वात कच्ची बाजू हीच.

आता मूळ दुखण्याकडे येतो. त्या प्रेस शॉपच्या खातेवहीत 'सबसिडी येणे' अशी एक ओळ आहे. तीन ताळेबंदांत ती ओळ मी पुढे ओढली आहे. दावा लावला, छाननी झाली, दोनदा तेच कागद पुन्हा मागितले, मग उत्तर मिळालं की मंजुरी आहे, निधी आला की मिळेल. मालकाने मात्र तेवढ्या काळात बँकेचे हप्ते एकही न चुकवता भरले, त्यासाठी एक जुनं पॉवर प्रेस विकलं. तो रिकामा पाया अजून शेडमध्ये दिसतो, चार बोल्ट वर आलेले. अंदाजपत्रकात तरतूद कमी आणि मंजूर दावे जास्त, की लहान माणूस रांगेत थांबतो. या उशिराबद्दल एकही मेसेज फिरत नाही.

मामांनी विचारलं, मग मागायचं काय? मी म्हटलं, तालुकावार यादी मागा. कोणत्या कारखान्याला किती मंजूर झाले, प्रत्यक्षात किती आणि कधी मिळाले, किती जण कायम कामावर आहेत, किती ठेक्यावर. दरवर्षी, मराठीत, सगळ्यांना उघडून वाचता येईल अशी. ते म्हणाले, "लिहून पाठव, ग्रुपवर टाकतो."