सीएफओ पाहिजे, कोल्हापुरात राहणारा

कंपन्यांना मोठ्या हुद्द्यावरची माणसं शोधून देणं हा माझा धंदा. त्यातही माझ्या वाट्याला येतात ते बहुतेक सीएफओ, म्हणजे कंपनीच्या पैशांचा कारभार बघणारे मुख्य अधिकारी, आणि तेही प्रायव्हेट इक्विटी फंडांनी, म्हणजे लोकांचा पैसा गोळा करून कंपन्या घेणाऱ्या-विकणाऱ्या फंडांनी, विकत घेतलेल्या कंपन्यांसाठी. नातेवाइकांना यातलं 'नोकऱ्या लावतो' एवढंच कळतं. त्यामुळे प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी बी.कॉम. झालेला भाचा हाताला धरून माझ्यापुढे आणून उभा करतं. आता त्या पोराला काय सांगायचं? माझ्या जागांना सीए लागतो, वीस वर्षं मुरलेला लागतो आणि वर थोडासा वेडाही लागतो.

तसा कायदा सीएफओसाठी फार हटून बसलेला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात तो सक्तीचा आहे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, आणि भरणा भांडवल दहा कोटी किंवा जास्त असलेल्या पब्लिक कंपन्यांना. माझी गिऱ्हाइकं प्रायव्हेट लिमिटेड. त्यांच्या डोक्यावर सीएफओ बसतो तो फंडाबरोबरच्या करारातून. सही करताना मालकांनी फक्त किंमत वाचलेली असते. बाकीची पानं फंडाने वाचलेली असतात.

गेल्या वर्षी असंच एक काम आलं. शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, ट्रॅक्टरची कास्टिंग ओतणारी. मोठा हिस्सा फंडाने घेतलेला, कारभार अजून मालकांकडेच. फंडाचा मुलगा लोअर परळहून व्हिडिओ कॉलवर आला. तिशीही न गाठलेला, पण बोलण्यात पेन्शनरचा संथपणा. त्याची यादी अशी: महिन्याचे आकडे पुढच्या महिन्याच्या सात तारखेला, पुढच्या तेरा आठवड्यांचा कॅश फ्लो (पैसा किती येणार, किती जाणार), थकलेली येणी निम्मी, नवीन ईआरपी (सगळ्या कारभाराचं एकच सॉफ्टवेअर), आणि उमेदवाराने आधी एखादी एक्झिट, म्हणजे फंडाने कंपनी विकून बाहेर पडणं, पार पाडलेली असावी. घाई का, तर फंडाचा पैसा लोकांकडून मुदतीने आणलेला. साधारण दहा वर्षांत सगळा परत द्यायचा, म्हणजे घेतलेली कंपनी चार-पाच वर्षांत विकायलाच हवी.

मग मी कोल्हापूरला मालकांकडे गेलो. पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी माझ्यापुढे सरकवत मालक म्हणाले, "हे बघा साहेब, माणूस आपला पाहिजे. हुशार असू दे, पण लई नको. आमचं दिवाणजी हाईत, त्यांच्या हाताखाली तयार हुईल."

दिवाणजी शेजारीच जेवत होते. तीस वर्षांची नोकरी. महिन्याचे हिशेब ते वीस तारखेला बंद करायचे, तेही आमावस्या आड आली नाही तर. टॅलीत सगळं होतं, पण खरं काय ते खिशातल्या लाल वहीत.

"हा माणूस रिपोर्ट कुणाला करणार?" मी विचारलं.

"मला की!"

"आणि फंडाला?"

"त्यांना काय पाहिजे ते त्यांनी मला इचारावं."

फंडाच्या मते रिपोर्टिंग त्यांना, मालकांना फक्त माहितीसाठी. एका खुर्चीत दोघांनाही आपला माणूस हवा होता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, आणि हा पाहुणा शोधून आणायची सुपारी माझी.

शोध सुरू झाला. मुंबईच्या उमेदवारांचा पहिला प्रश्न, "कोल्हापूर म्हणजे ऑफिस पुण्यात असेल ना?" दुसरा, "हायब्रिड आहे का?" भट्टी घरून पेटवता येत नाही, हे मी नम्रपणे सांगायचो. पुण्याचे एक गृहस्थ तयार झाले, पण दर शुक्रवारी दुपारी निघणार म्हणाले. हायवेचं काम चाललंय हे ऐकल्यावर ते गुरुवारी निघायचं म्हणू लागले.

ईसॉपचा धडा तर मला पाठ झालाय. पगार जरा कमी, पण कंपनीचे शेअर मिळतील, असं म्हटलं की समोरचा सीए चष्मा पुसतो.

"हातात कधी येणार?"

"पहिल्या वर्षानंतर थोडे थोडे, चार वर्षांत सगळे."

"विकायचे कुणाला?"

"एक्झिट झाली की..."

"म्हणजे घेताना पगारासारखा कर आत्ता भरायचा, आणि गिऱ्हाईक कधी येईल ते देव जाणे!"

सीएला हे समजावण्यात अर्थ नसतो, त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं समजलेलं असतं. म्हणून शेअर घ्यायचेच एक्झिटच्या वेळी, अशी तजवीज करारात करावी लागते. मग तो हसतो आणि जॉइनिंग बोनस मागतो.

अखेर तिघे मुलाखतीपर्यंत पोचले. मालक, दिवाणजी आणि मी टेबलाशी, फंडाचा मुलगा भिंतीवरच्या पडद्यात. ड्यू डिलिजन्सच्या, म्हणजे फंडाने खरेदीआधी केलेल्या तपासणीच्या, वेळी कंपनीच्या वह्यांत चार म्हशी सापडल्या होत्या. दूध कँटीनला जायचं, उरलेलं मालकांच्या घरी. (उरायचं बरंच.) मुलाने तिघांनाही विचारलं, "या मालमत्तेचं काय कराल?"

पहिला म्हणाला, "विकून टाकू." मालकांनी घड्याळ बघितलं.

दुसरा जास्त तयारीचा. "म्हशींचा खर्च मालकांचा खाजगी समजून एबिटडामध्ये परत मिळवू." पडद्यातला चेहरा उजळला. एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा. कंपनीची किंमत त्याच्या दहापट धरली, तर खर्चातून वजा केलेल्या एकेका लाखाच्या पेंडीमागे किंमत दहा लाखांनी चढते. मालकांना पटीचं गणित कळलं नाही. आपल्या म्हशी काढल्या गेल्या एवढं बरोबर कळलं.

तिसरे सांगलीकडचे, बरीच वर्षं ठाण्यात काढलेले. त्यांनी आधी विचारलं, "मुऱ्हा का पंढरपुरी?"

मालक खुर्चीत सरसावले. "दोन मुऱ्हा, दोन पंढरपुरी."

"किती देतात?" इथे दहा मिनिटं गेली. मग ते शांतपणे म्हणाले, "हिशेबाचं भारतीय मानक, इंड एएस ४१. जैविक मालमत्ता. दर ताळेबंदाला बाजारभावाने दाखवायच्या, विक्रीचा खर्च वजा करून. आणि घरी जाणाऱ्या दुधाचं बिल मालकांच्या नावे."

तोवर गप्प बसलेले दिवाणजी पुढे झुकले. "म्हणजे दर ३१ मार्चला म्हशीचा भाव काढायचा? कुठला बाजार धरायचा?"

"आठवडी बाजार धरू. तुम्हीच जाऊन या."

दिवाणजींनी खिशातली लाल वही काढली आणि नोंद केली. मालक माझ्या कानाशी म्हणाले, "दुधाचं बिल लावलं गड्यानं. पर ह्योच चालतोय बघा." फंडाचा निरोप आला: उत्तम फायनान्शियल कंट्रोल.

पुढचे नव्वद दिवस नोटीस पीरियड. या काळात जुनी कंपनी पगार वाढवते, वर बढतीही देते, आणि माझं रक्तदाब मोजायचं यंत्र कामाला लागतं. दर सोमवारी फोन करून मी त्यांच्या तब्येतीची, मुलीच्या शाळेची, कोल्हापुरात बघितलेल्या भाड्याच्या घराच्या नळाला येणाऱ्या पाण्याची चौकशी करायचो. आमची फी तीन हप्त्यांत. शेवटचा हप्ता उमेदवार रुजू झाल्यावर, त्यामुळे ही आपुलकी अगदी आतून यायची.

ते रुजू झाले. त्याच दुपारी मी बिल पाठवलं. उत्तर तासाभरात, खुद्द नव्या सीएफओंकडून: वर्किंग कॅपिटल (रोजच्या धंद्यात अडकलेला पैसा) सुधारण्यासाठी यापुढे पुरवठादारांना नव्वद दिवसांनी पैसे.

मी उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र जोडून कळवलं, की मी सूक्ष्म उद्योग आहे, आणि लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने माझे पैसे पंचेचाळीस दिवसांपलीकडे थांबवता येत नाहीत. उशीर केलात तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकरातही धरता येणार नाही. फोनवर ते मनापासून हसले. म्हणाले, "वा, अभ्यास आहे!" आणि पैसे बरोबर पंचेचाळिसाव्या दिवशी, संध्याकाळी पावणेसहाला जमा झाले.

मी दिवाणजींना फोन करून म्हटलं, "अहो, माणूस मी आणून दिला, त्याची तरी काही लाज?"

"आमच्या काळात तिसऱ्या दिवशी चेक मिळाला असता, वर जेवण," दिवाणजी म्हणाले. "आता जेवणाचंबी व्हाउचर लागतंय. आणि साहेब, तुमच्या त्या बिलावर पर्चेस ऑर्डरचा नंबर नव्हता. ह्या बारीला सोडलं."