नियामक मंडळावरील मानद सदस्याला जबाबदारी नसते, या दाव्याचा प्रतिवाद

सेवाभावी संस्थेच्या नियामक मंडळावर येण्याचे निमंत्रण मिळालेल्यांना धीर देणारा एक मजकूर सध्या हातोहात पुढे पाठवला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: हे पद मानाचे असते आणि मानधन घेत नसल्यामुळे कायद्याची जबाबदारी येत नाही; रोजचे काम पगारी कर्मचारी करतात व हिशेब लेखापरीक्षक तपासतो; आपल्या व्यवसायातून संस्थेला सवलतीत वस्तू वा सेवा पुरवल्या तर तीही सेवाच ठरते; आणि काही बिघडलेच तर राजीनामा देऊन मोकळे होता येते. चांगली माणसे भीतीपोटी या कामापासून दूर राहू नयेत, हा लिहिणाऱ्याचा हेतू मला मान्य आहे. मात्र त्यासाठी दिलेली कारणे टिकणारी नाहीत, आणि त्यांवर विसंबून संमतिपत्रावर सही करणारा माणूस स्वतःबरोबर संस्थेलाही अडचणीत आणू शकतो.

मानधनाचा मुद्दा सर्वांत जास्त पसरला आहे, म्हणून तो आधी घेतो. वॉशिंग्टनमधील सिब्ली रुग्णालयाच्या विश्वस्तांविरुद्धच्या खटल्याचा 1974 चा निकाल या बाबतीत पायाभूत मानला जातो. रुग्णालयाच्या नियमावलीत 1960 मध्ये वित्त समिती आणि गुंतवणूक समिती यांची तरतूद झाली होती, परंतु 1971 पर्यंत त्यांपैकी एकाही समितीची बैठक झाली नाही. कारभार प्रशासक आणि खजिनदार या दोघांच्या हाती होता, बाकीचे विश्वस्त त्यांच्या निर्णयांना संमती देत राहिले, आणि ज्या बँकांशी काही विश्वस्तांचे हितसंबंध होते त्यांतील बिनव्याजी खात्यांत रुग्णालयाच्या मोठ्या रकमा पडून होत्या. न्यायाधीश गेसेल यांना कटकारस्थान आढळले नाही आणि त्यांनी कोणालाही भरपाई द्यायला लावली नाही. तरीही देखरेख न करणे हाच कर्तव्यभंग आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला. विश्वस्त मानद होते म्हणून ते त्यातून सुटले नाहीत.

यावर अमेरिकेतील 1997 च्या स्वयंसेवक संरक्षण कायद्याचा दाखला दिला जातो. तो कायदा आहे, हे खरे; पण त्याचे संरक्षण साध्या निष्काळजीपणापुरते आहे. जाणूनबुजून केलेले गैरवर्तन, घोर निष्काळजीपणा आणि इतरांच्या हक्कांविषयीची उघड बेपर्वाई त्यातून वगळलेली आहे, आणि स्वतः संस्थेने किंवा सरकारने सदस्याविरुद्ध दावा लावला तर हा कायदा आड येत नाही. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर सरकारजमा झाला नाही, तर तेथे जबाबदार व्यक्तीकडून तो वसूल करता येतो. मानद सदस्याला यातून सूट आहे, परंतु तो दैनंदिन वा आर्थिक कारभारात भाग घेत नसेल आणि त्याला प्रत्यक्षात या चुकीची माहिती नसेल, तरच. खजिनदाराने बैठकीत ‘या महिन्यात कर भरता आला नाही’ असे सांगितले आणि सदस्य गप्प बसला, तर त्या सूटीचा आधारच निसटतो. देशोदेशीचे कायदे वेगळे असले, तरी मानद असणे म्हणजे संपूर्ण अभय, असा अर्थ कोठेही धरून चालू नये.

लेखापरीक्षकाविषयीचा गैरसमज अधिक खोल आहे. लेखापरीक्षक संस्थेने तयार केलेली विवरणपत्रे वास्तव व योग्य चित्र दाखवतात की नाही याबद्दल मत देतो. अफरातफर रोखण्याची आणि उघडकीस आणण्याची प्राथमिक जबाबदारी मंडळाची व व्यवस्थापनाची असते, असे लेखापरीक्षणाची आंतरराष्ट्रीय मानकेच सांगतात. शिवाय अहवाल सरलेल्या वर्षाचा असतो. समजा, ताळेबंदात बँकेतील शिल्लक भरघोस दिसते, पण तिच्यातील बहुतांश रक्कम देणगीदाराने केवळ एका वसतिगृहाच्या बांधकामासाठी दिलेली आहे. तो निर्धारित निधी वजा केल्यावर तीन महिन्यांचे पगारही निघत नाहीत, ही गोष्ट लेखापरीक्षकाचा बिनशेऱ्याचा, म्हणजे कोणताही आक्षेप न नोंदवलेला, अहवाल वरवर चाळून कळणार नाही. ती कळायला ‘यातील किती रक्कम आपण मुक्तपणे खर्च करू शकतो?’ एवढा एक प्रश्न पुरतो, आणि तो विचारणे सदस्याचे काम आहे.

कर्मचारी काम करतात, हे विधान मात्र अर्धे खरे आहे. रोजच्या कामात मंडळाने ढवळाढवळ करू नये, हे मी आग्रहाने म्हणेन. परंतु मुख्याधिकाऱ्याची नेमणूक, त्याचे वेतन ठरवणे, त्याच्या कामाचे मूल्यमापन आणि वेळ आली तर त्याला दूर करणे, ही कामे मंडळाखेरीज कोण करणार? कंपनीचे नुकसान झाले तर भागधारक जाब विचारतात, कारण पैसा त्यांचा असतो. सेवाभावी संस्थेला मालक नसतो; देणगीदार दूर असतो आणि लाभार्थी बहुधा बोलण्याच्या स्थितीत नसतो. त्या दोघांच्या वतीने विचारणारे मंडळ गप्प राहिले, तर विचारणारे कोणी उरतच नाही. अनेक ठिकाणी विषयपत्रिकेची कागदपत्रे बैठकीच्या टेबलावरच हाती पडतात, इतिवृत्त आधीच टंकलिखित असते आणि त्यात ‘सविस्तर चर्चा होऊन ठराव एकमताने मंजूर’ हे वाक्य तयारच असते. चर्चा झालेली नसताना त्या वाक्याखाली सही करणे हे खोट्या नोंदीला साक्षीदार होणे आहे. नामवंतांच्या उपस्थितीनेही हा दोष भरून निघत नाही: अमेरिकेतील ‘युनायटेड वे’ या सेवाभावी संस्थेच्या मंडळावर बड्या उद्योगांचे प्रमुख होते, तरी तिचे अध्यक्ष विल्यम अ‍ॅरामोनी यांना खर्चाच्या आरोपांवरून 1992 मध्ये पायउतार व्हावे लागले आणि 1995 मध्ये संस्थेची फसवणूक केल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली.

सवलतीत सेवा पुरवणे वाईट नाही. अट एवढीच की सदस्याने आपला हितसंबंध आधी लेखी सांगावा, इतर दरपत्रके मागवावीत असे स्वतःच सुचवावे, चर्चा व मतदान होईपर्यंत खोलीबाहेर जावे आणि या सगळ्याची इतिवृत्तात नोंद करून घ्यावी. सवलत खरी होती की नाही, हे ती देणाऱ्याने ठरवायचे नसते.

इतके वाचून कोणी घाबरून नकार देणार असेल, तर त्याने ब्रिटनमधील ‘किड्स कंपनी’ या मुलांसाठी काम करणाऱ्या सेवाभावी संस्थेचे प्रकरणही पाहावे. ही संस्था 2015 मध्ये कोसळली आणि तिच्या विश्वस्तांना संचालकपदासाठी अपात्र ठरवावे असा अर्ज झाला. 2021 मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. संस्था बुडणे हा आपोआप विश्वस्तांचा गुन्हा होत नाही. माहिती घेऊन, प्रामाणिकपणे, स्वार्थ दूर ठेवून घेतलेला निर्णय चुकला, तरी न्यायालये सहसा त्याकडे समजुतीने पाहतात.

राहिला राजीनामा. तो पुढच्या निर्णयांपासून दूर करतो. आधी घेतलेल्या किंवा टाळलेल्या निर्णयांची जबाबदारी पुसत नाही. बैठकांना न जाणे तर याहून निरुपयोगी आहे, कारण गैरहजर सदस्य कागदोपत्री सदस्यच राहतो. मतभेद असेल तर भिन्नमत त्याच बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, पुढच्या बैठकीत ते इतिवृत्त कायम होताना नोंद तशीच राहिली आहे हे तपासावे, आणि पद सोडायचेच ठरले तर कारणांसह लेखी राजीनामा देऊन नोंदणी कार्यालयातील अभिलेखात व बँकेच्या सही-अधिकारातून आपले नाव कमी झाल्याची खात्री करून घ्यावी.